दरखास्त कुठे लावणार, तिथून करार लिहायला घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक मध्यम आकाराची कंपनी यंत्रांचे सुटे भाग बनवते आणि चार देशांतल्या खरेदीदारांना विकते. एक खरेदीदार युरोपीय संघातला, एक इंग्लंडमधला, एक अमेरिकेतला आणि चौथा अशा देशातला, जिथे परकीय कोर्टाचा निकाल सहजासहजी कुणी मानत नाही. चारही करारांच्या शेवटी २०१४ साली कुणीतरी लिहून दिलेलं एकच कलम आहे: 'या करारास इंग्लंडचा कायदा लागू राहील आणि केवळ इंग्लंडच्या न्यायालयांनाच अधिकार राहील.' मधल्या काळात ब्रेक्झिट झालं, हेगचे नवे आंतरराष्ट्रीय करार अमलात आले, लवादाचा कायदा बदलला. हे कलम तसंच ठेवावं, की सगळीकडे लवाद घालावा, असं विचारलं आहे.

तसंच ठेवू नका, आणि सगळीकडे सरसकट लवादही घालू नका. चारही करारांत एकच कलम चिकटवलं गेलं हीच मूळ चूक आहे, कारण चार खरेदीदारांचा पैसा चार ठिकाणी आहे. का ते सविस्तर सांगतो.

सीमापार व्यवहारात तीन गोष्टी ठरवाव्या लागतात. दावा कुठल्या कोर्टात, कायदा कुठल्या देशाचा, आणि निकाल लागल्यावर तो कुठे चालणार. वाटाघाटीला बसलेली माणसं लागू कायद्यावर तासन्‌तास वाद घालतात, कोर्टावर थोडा वेळ, आणि तिसरा विषय बहुतेक वेळा निघतच नाही. माझ्या मते तो पहिला निघायला हवा. न्यायाधीशाच्या सहीचा जोर त्याच्या देशाच्या हद्दीपर्यंतच असतो. हद्दीपलीकडे तो निकाल चालायचा, तर पलीकडच्या देशाने त्याला वाट दिलेली असावी लागते.

माझ्याकडे एक पक्षकार असाच कोर्टाचा हुकूमनामा घेऊन आले होते. पाच वर्षं लढून मिळवलेला, प्रमाणित प्रत, शिक्के सगळे जागच्या जागी. प्रतिवादीचं गोदाम, बँकेतलं खातं, त्याची येणी, सगळं दुसऱ्या देशात. तिथल्या वकिलांना विचारलं तर त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं: 'आमच्याकडे हा कागद फार तर पुरावा म्हणून चालेल, हुकूम म्हणून नाही. नव्याने दावा लावा.' नव्या दाव्याची मुदत मोजायला बसलो तर मूळ देण्याची मुदत उलटून गेली होती. ते गृहस्थ खूप वेळ तो कागद हातात घेऊन बसून राहिले. तेव्हापासून कुठलाही मसुदा समोर आला की मी आधी विचारतो, समोरच्याची मालमत्ता कुठे आहे? जप्तीची दरखास्त, म्हणजे निकालाची वसुली करून देण्याचा अर्ज, कुठे लावायची? तिथून मागे येत कलम लिहितो.

आता तुमच्या २०१४ च्या कलमाकडे येऊ, कारण त्याच्या तारखेतच मोठा धोका दडलेला आहे.

हेग इथली खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याची परिषद १८९३ पासून हेच काम करते आहे. तिचे दोन करार इथे लागतात. पहिला न्यायालय निवडीबाबतचा, २००५ चा. तो १ ऑक्टोबर २०१५ पासून अमलात आला. पक्षकारांनी 'केवळ याच कोर्टात' असं लेखी ठरवलं असेल तर त्या कोर्टाने खटला चालवायचा, इतर कोर्टांनी हात लावायचा नाही, आणि निकालाला सदस्य देशांनी मान द्यायचा, असा त्याचा गाभा. युरोपीय संघ, मेक्सिको, सिंगापूर, ब्रिटन त्यात आहेत. १ जानेवारी २०२५ पासून स्वित्झर्लंडही आलं. दुसरा करार २०१९ चा, परकीय कोर्टांच्या निकालांच्या मान्यतेबाबतचा. तो १ सप्टेंबर २०२३ रोजी युरोपीय संघ, म्हणजे डेन्मार्क सोडून बाकी सगळे, आणि युक्रेन यांच्यात सुरू झाला. पुढे १ ऑक्टोबर २०२४ पासून उरुग्वेसाठी आणि १ जुलै २०२५ पासून ब्रिटनसाठी तो अमलात आला.

हे वाचून अनेकांना वाटतं की चला, ब्रेक्झिटमुळे इंग्लंडचे निकाल युरोपात चालवण्याच्या वाटेत पडलेलं भगदाड बुजलं. पण दोन्ही करारांत तारखेचा हिशेब वेगळा आहे आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. २००५ च्या करारात कलम कधी लिहिलं गेलं ते बघतात. निवडलेल्या कोर्टाच्या देशात करार अमलात आल्यानंतर लिहिलेलं कलम असेल तरच तो लागू. २०१९ च्या करारात मात्र दावा कधी दाखल झाला ते बघतात. त्या दिवशी दोन्ही देशांमध्ये करार अमलात असायला हवा.

तुमचं कलम २०१४ चं, म्हणजे २००५ चा करार अमलात येण्याच्या आधीचं. तो आधार गेला. मग आज इंग्लंडमध्ये दावा लावून २०१९ च्या कराराखाली युरोपात निकाल चालवता येईल का? त्या कराराच्या पाचव्या अनुच्छेदात मान्यतेचे आधार एकेक करून दिले आहेत. त्यांत कोर्ट-निवडीच्या कलमाचा आधार आहे खरा, पण तो 'केवळ याच कोर्टात' अशा अनन्य कलमांना लागू नाही. ती कलमं २००५ च्या कराराने सांभाळायची, अशी ती वाटणी आहे. तुमचं कलम अनन्य आहे आणि जुनंही आहे. त्यामुळे कलमाच्या जोरावर मान्यता मागायला गेलात तर ते दोन्ही करारांच्या मधल्या फटीत पडतं. मग दुसरा आधार शोधावा लागतो. प्रतिवादी निकालाच्या देशात राहतो का, त्याने त्या कोर्टात हरकत न घेता कैफियत दिली का, जिथे करार पुरा करायचा होता ते ठिकाण त्या देशात होतं का? किंवा मग त्या त्या देशाच्या स्वतःच्या कायद्याचा आसरा घ्यायचा. वाट बंद नाही, पण सरळ वाट सोडून काट्याकुट्यांतून जावं लागतं.

याच्याही पुढची गंमत नव्हे, अडचण अशी की १ ऑक्टोबर २०१५ ते ३१ डिसेंबर २०२० या काळात लिहिलेल्या, इंग्लंडचं कोर्ट निवडणाऱ्या कलमांबद्दलही मतभेद होते. ब्रिटनचं म्हणणं, आम्ही तेव्हा संघाचे सदस्य म्हणून बांधील होतो, ते सातत्य कायम आहे. युरोपीय आयोगाची भूमिका अशी की ब्रिटन स्वतःच्या नावावर १ जानेवारी २०२१ ला आलं, तेव्हापासूनच मोजायचं. माझ्या हातात जेव्हा त्या पाच वर्षांतलं कलम येतं तेव्हा मी वाद घालत बसत नाही. एका पानाची पुरवणी करायची, तेच कलम पुन्हा लिहायचं, आजची तारीख घालायची, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्यायच्या. संबंध चांगले असताना समोरचा माणूस ही सही पाच मिनिटांत देतो. भांडण सुरू झाल्यावर तो कधीच देत नाही. तुमच्या युरोपीय आणि इंग्लंडच्या खरेदीदारांकडून ही पुरवणी याच महिन्यात करून घ्या. या सगळ्या उत्तरातली सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे.

पुरवणी लिहिताना एक मोह आवरा. पुष्कळ विक्रेत्यांना असं कलम आवडतं: 'खरेदीदाराने फक्त अमुक कोर्टात जावं, विक्रेत्याला मात्र कुठल्याही सक्षम कोर्टात जाता येईल.' कर्ज देणाऱ्या संस्थांच्या करारांत हे सर्रास असतं. अशा एकतर्फी कलमावर युरोपीय न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०२५ रोजी निकाल दिला. इटलीतला पुरवठादार आणि फ्रान्समधला खरेदीदार यांच्या करारात ब्रेशियाचं कोर्ट ठरलेलं होतं, पण पुरवठादाराला 'इटलीतल्या किंवा परदेशातल्या अन्य सक्षम न्यायालयात' जाण्याची मुभा राखलेली होती. न्यायालयाने सांगितलं की कलम एकतर्फी आहे एवढ्यावरून ते रद्द होत नाही. मात्र ते पुरेसं नेमकं हवं, आणि मोकळी ठेवलेली कोर्टं युरोपीय संघातली किंवा लुगानो करारातल्या देशांची (स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड) असावीत. 'परदेशात' या एका शब्दात जगातलं कुठलंही कोर्ट मावत असेल तर कलम अडचणीत येतं. शिवाय एकतर्फी कलम २००५ च्या करारात 'अनन्य' म्हणून धरलं जात नाही, असंच मत प्रबळ आहे. म्हणजे सगळी दारं उघडी ठेवायला जावं आणि हातची एक पक्की वाट गमवावी. मी विक्रेत्यांना साधं, दोन्ही बाजूंना सारखं बांधणारं कलमच सुचवतो.

अमेरिकन खरेदीदाराचं वेगळं. अमेरिकेने २००५ च्या करारावर २००९ मध्ये सही केली, पण तो मंजूर केलेला नाही. चीनने २०१७ मध्ये सही केली, मंजुरी नाही. सही आणि मंजुरी यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो आणि बातम्यांमध्ये तो नेहमी पुसला जातो. अमेरिकेत परकीय निकाल मान्य करणं हा त्या त्या राज्याच्या कायद्याचा विषय आहे. बऱ्याच राज्यांत निकाल मिळतोही, पण राज्यागणिक नियम बदलतात. इथे, आणि तुमच्या चौथ्या खरेदीदाराच्या बाबतीत, लवाद घ्या. लवादाचे निवाडे परदेशात मान्य करायला लावणारा न्यूयॉर्क करार १९५८ चा, सदस्य देश १७० च्या वर. कोर्टाच्या निकालांसाठी एवढं विस्तृत जाळं आजही जगात दुसरं नाही. चौथा देश त्यात आहे का, आणि त्याने काही अटी राखून ठेवल्या आहेत का, तेवढं मात्र आधी तपासा. उदाहरणार्थ, भारतासारखे काही देश दुसऱ्या सदस्य देशातला लवादाचा निवाडाच मानतात, आणि तोही व्यापारी संबंधातला असला तरच. भारतात तर त्यापुढे तो देश सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेलाही लागतो.

आता लवादाचं कलम कसं लिहायचं. २०२५ च्या आधी हे उत्तर दिलं असतं तर वेगळं दिलं असतं.

लवादाचं कलम मुख्य कराराच्या पोटात असलं तरी कायदा त्याला स्वतंत्र करार मानतो. मग त्या पोटकराराला कुठल्या देशाचा कायदा लावायचा? मुख्य कराराचा, की लवादाची सीट, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लवादाचं घर, जिथे आहे तिथला? हा प्रश्न ऐकायला पुस्तकी वाटतो. पण लवादाच्या करारात सही न केलेली उपकंपनी बांधली जाते का, अमुक वाद लवादापुढे जाऊ शकतो का, कलमच बेकायदा आहे का, हे सगळं त्याच्या उत्तरावर ठरतं. २०२० मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने एन्का विरुद्ध चब या प्रकरणात सांगितलं होतं की, सर्वसाधारणपणे मुख्य कराराला निवडलेला कायदाच लवादाच्या कलमालाही लागू धरावा. त्यावर पुष्कळ काथ्याकूट झाला. अखेर संसदेने लवाद अधिनियम २०२५ करून तो नियम उलटवला. १ ऑगस्ट २०२५ पासून तिथे नियम असा: लवादाच्या कलमासाठी वेगळा कायदा स्पष्टपणे निवडला नसेल तर सीटच्या देशाचा कायदा लागू. आणि 'मुख्य कराराला अमुक कायदा लागू' एवढं लिहिणं म्हणजे लवादाच्या कलमासाठी केलेली निवड नव्हे, असंही त्यात लिहून ठेवलं आहे. जुन्या करारांनाही हे लागतं. त्या तारखेला किंवा नंतर कार्यवाही सुरू झाली की नवा नियम.

२०२५ च्या मार्चमध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढे डिसोर्थो प्रकरण आलं. कोलंबियातली कंपनी आणि भारतातली कंपनी यांचा वितरण करार. एका कलमात भारताचा कायदा आणि गुजरातची न्यायालयं, तर दुसऱ्या कलमात लवाद बोगोटा इथे, तिथल्या वाणिज्य मंडळाच्या नियमांनी. दोन कलमं एकमेकांकडे पाठ करून उभी. न्यायालयाने मुख्य कराराचा कायदा आणि गुजरातच्या न्यायालयांना दिलेला अधिकार प्रमाण धरला आणि लवादाच्या करारालाही भारताचाच कायदा लागू असल्याचं म्हटलं. म्हणजे काही महिन्यांच्या अंतराने दोन देशांनी एकाच प्रश्नाला दोन वेगळी वळणं दिली. हे पाहिल्यावर मसुदा लिहिणाऱ्याचं काम सोपं होतं: कोर्टाला अंदाज करायला जागाच ठेवू नका. एक वाक्य वाढवा. 'लवादाची सीट सिंगापूर असेल. या लवाद-कलमास सिंगापूरचा कायदा लागू असेल. सुनावणी अन्यत्र झाली तरी सीट बदलणार नाही.' जागेचं नाव तुमच्या गरजेप्रमाणे बदला, पण 'सीट' हा शब्द वगळू नका. 'लवाद अमुक शहरात होईल' एवढं लिहिलं की ते सुनावणीचं ठिकाण की सीट, यावरच पहिली दोन वर्षं जातात. आणि लवादाचं कलम असताना मागच्याच पानावर 'सर्व वाद अमुक न्यायालयांच्या अधिकारात' असं जुनं वाक्य राहू देऊ नका. ही दोन वाक्यं एकत्र नांदताना मी इतक्यांदा पाहिली आहेत की आता मसुदा हाती आला की मी 'न्यायालय' हा शब्द शोधूनच वाचायला सुरुवात करतो.

लवादाचं कलम निर्दोष असलं तरी समोरच्या देशाच्या सरकारने ते झुगारायचं ठरवलं तर काय होतं, ते युनिक्रेडिट विरुद्ध रूसकेमअलायन्स प्रकरणात दिसलं. रशियातल्या प्रकल्पासाठी बँकेने हमीपत्रं दिली होती. कायदा इंग्लंडचा, लवाद पॅरिसला. निर्बंध आल्यावर बँकेने पैसे द्यायला नकार दिला आणि रशियन कंपनी लवादाकडे न जाता सेंट पीटर्सबर्गच्या कोर्टात गेली. रशियाच्या प्रक्रिया संहितेत २०२० पासून तशी मुभा आहे. निर्बंधांची झळ बसलेल्या पक्षाला बाहेरचा लवाद सोडून देशांतर्गत कोर्टात जाता येतं. इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये रशियातला दावा चालवू नये असा त्या कंपनीविरुद्धचा मनाई हुकूम कायम केला. उलट रशियन कोर्टाने बँकेला आदेश दिला की तो मनाई हुकूम उठवून घ्या, नाहीतर २५ कोटी युरो दंड. २०२५ च्या सुरुवातीला त्याच बँकेला इंग्लंडच्या कोर्टात जाऊन, आपणच मिळवलेला हुकूम मागे घ्या, अशी विनंती करावी लागली. कारण बँकेची मालमत्ता रशियात होती. मालमत्ता कुठे आहे ते आधी बघा, हे माझं म्हणणं इथे उलट बाजूने खरं ठरतं. समोरच्याची मालमत्ता कुठे आहे हे जसं बघायचं, तसंच आपली मालमत्ता कुणाच्या हाताच्या पल्ल्यात आहे तेही बघायचं.

लागू कायद्याबद्दल आता थोडक्यात. 'इंग्लंडचा कायदा' ठेवलात तर एक प्रश्न टळतो, कारण ब्रिटन माल-विक्रीच्या १९८० च्या व्हिएन्ना करारात नाही. भारतही नाही. पण खरेदीदाराच्या आग्रहाखातर 'जर्मनीचा कायदा' किंवा 'फ्रान्सचा कायदा' लिहिलात तर तो करार त्या कायद्याचाच भाग म्हणून तुमच्या व्यवहारात येऊन बसतो. त्याचा सहावा अनुच्छेद तो वगळण्याची मुभा देतो, पण ते स्पष्ट लिहावं लागतं. बहुतेक वकील सवयीने वगळतात. मला ती सवय पटत नाही. तुम्ही विक्रेते आहात. मालातला दोष खरेदीदाराने वाजवी वेळेत, आणि कुठल्याही परिस्थितीत माल हाती आल्यापासून दोन वर्षांच्या आत कळवला नाही तर त्याचा हक्क जातो, असं एकोणचाळिसावा अनुच्छेद सांगतो. सुटे भाग विकणाऱ्याला हे संरक्षण मोलाचं आहे. उलट थकलेल्या रकमेवर व्याज मिळेल असं हा करार म्हणतो, पण दर सांगत नाही. तो तुम्ही लिहा. वगळायचं की ठेवायचं ते दोन्हीकडचे नियम शेजारी ठेवून ठरवा, जुन्या नमुन्यात होतं म्हणून नव्हे.

चलनाबद्दलही एक ओळ हवी. २०२४ मध्ये इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने आरटीआय विरुद्ध एमयूआर शिपिंग हा निकाल दिला. गिनीतून युक्रेनला बॉक्साइट न्यायचा करार, भाडं अमेरिकन डॉलरमध्ये. २०१८ मध्ये जहाज भाड्याने घेणाऱ्या (भाडेकरू) कंपनीच्या मूळ कंपनीवर अमेरिकेने निर्बंध घातले. डॉलरमध्ये पैसे फिरणं अवघड होणार, म्हणून जहाजमालकाने अपरिहार्य आपत्तीच्या कलमाचा आधार घेऊन काम थांबवलं. भाडेकरू म्हणाले, आम्ही युरोत देतो, बदलीचा खर्चही सोसतो. मालकाने नाही म्हटलं. त्या कलमात 'वाजवी प्रयत्नांनी अडचण दूर होत असेल तर' अशी अट होती. न्यायालय म्हणालं, वाजवी प्रयत्न म्हणजे करारात नसलेली गोष्ट स्वीकारणं नव्हे. डॉलर लिहिलं आहे, डॉलरच. व्यवहार म्हणून हे कठोर वाटेल, पण व्यापाराला लागते ती निश्चिती यातून मिळते, आणि मला हा निकाल योग्य वाटतो. तुम्हाला पर्यायी चलन हवं असेल तर ते आधीच लिहून ठेवा: कुठलं, कुठल्या दिवसाच्या दराने, बदलीचा खर्च कुणाचा.

कागदाच्या बाजूनेही जग हललं आहे, आणि इथे मला मनापासून आनंद वाटतो. बिल ऑफ लेडिंग हा जहाजावर चढवलेल्या मालाचा असा कागद की ज्याच्या हाती तो, त्याचा मालावर हक्क. शतकानुशतकं तो कागद कुरियरने, बँकांतून, हातोहात फिरत आला. पुष्कळदा जहाज बंदराला लागतं आणि कागद अजून वाटेतच असतो. 'ताबा' फक्त डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूचाच असू शकतो असं इंग्लंडचा कायदा मानत असल्याने इलेक्ट्रॉनिक प्रतीला तो दर्जा मिळत नव्हता. २० सप्टेंबर २०२३ पासून तिथे इलेक्ट्रॉनिक व्यापारी दस्तऐवजांचा अधिनियम लागू झाला. प्रणाली विश्वासार्ह असेल आणि एका वेळी एकाच्याच नियंत्रणात तो दस्तऐवज राहत असेल तर त्याचाही ताबा घेता येतो, तो हस्तांतरित करता येतो. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाने २०१७ मध्ये यासाठी नमुना कायदा दिला होता. बहारीनने तो सर्वांत आधी उचलला, सिंगापूरने २०२१ मध्ये. पण वाटेतल्या प्रत्येक देशाने तो मान्य केलेला नाही. वस्तूचा हक्क ती वस्तू जिथे आहे तिथल्या कायद्याने ठरतो, हा आपला जुना नियम. सर्व्हरवरचा दस्तऐवज नेमका 'कुठे' आहे याचं सर्वमान्य उत्तर अजून नाही. तेव्हा इलेक्ट्रॉनिक बिल वापरायचं असेल तर निघायचं बंदर, पोहोचायचं बंदर आणि पैसे देणारी बँक, तिन्हीकडचा कायदा पाहा आणि गरज पडली तर कागदावर परत येता येईल अशी तरतूद ठेवा. लक्षात असू द्या, मालवाहतुकीचे वाद हेगच्या दोन्ही करारांतून वगळलेले आहेत. विक्रीच्या करारासाठी जे केलं ते वाहतुकीच्या कराराला लागत नाही.

समन्स बजावणीबद्दल दोन शब्द, कारण खरी रखडपट्टी तिथे होते. १९६५ च्या हेग बजावणी करारानुसार समन्स समोरच्या देशाच्या मध्यवर्ती प्राधिकरणामार्फत जातं. भारत आणि चीनसह अनेक देशांनी थेट टपालाने बजावणीला हरकत नोंदवलेली आहे. माझ्या एका प्रकरणात भाषांतराच्या एका पानावर भाषांतरकाराचं प्रमाणपत्र नव्हतं म्हणून सबंध गठ्ठा परत आला. अकरा महिने गेले. तोपर्यंत प्रतिवादीचं गोदाम रिकामं झालं होतं. यावर उपाय करारातच आहे: खरेदीदाराने निवडलेल्या कोर्टाच्या देशात बजावणी स्वीकारणारा प्रतिनिधी नेमायचा, नाव आणि पत्त्यासकट, आणि तो बदलल्यास कळवायचं. पाच ओळींचं हे कलम महिने वाचवतं. कागदांच्या प्रमाणीकरणात मात्र खरी सुधारणा आहे. एका प्रमाणपत्रावर परदेशी कागद मान्य करणाऱ्या अपोस्टिल करारात ७ नोव्हेंबर २०२३ पासून चीन आणि ११ जानेवारी २०२४ पासून कॅनडा आल्याने दूतावासांच्या फेऱ्या पुष्कळ कमी झाल्या.

मध्यस्थीची पायरी आधी ठेवायची असेल तर जरूर ठेवा, पण तिला दिवसांची मर्यादा घाला. मध्यस्थीतल्या तडजोडीला सीमापार बळ देणारा सिंगापूर करारावर ७ ऑगस्ट २०१९ ला, पहिल्याच दिवशी, ४६ देशांनी सही केली, भारत, चीन, अमेरिका त्यांत होते. पण मंजुरी देणारे देश अजून मोजकेच आहेत. त्यामुळे तडजोड झालीच तर आणि लवाद आधीच सुरू असेल तर ती लवादाकडून संमतीच्या निवाड्याच्या रूपात लिहून घ्या. मग न्यूयॉर्क कराराची वाट मिळते.

तर तुमच्या चार करारांत काय करायचं? युरोपीय आणि इंग्लंडच्या खरेदीदारांसाठी कोर्टाचंच कलम ठेवा, अनन्य, साधं, आजच्या तारखेचं, बजावणीच्या प्रतिनिधीसह. थकलेल्या बिलाचा दावा तिथे लवादापेक्षा स्वस्तात आणि लवकर निकाली निघतो. लवाद म्हणून बसलेल्या तीन जणांची फी छोट्या रकमेला परवडत नाही. अमेरिकन खरेदीदारासाठी एकाच व्यक्तीचं लवाद-पीठ, संस्थेच्या नियमांनी, सीट आणि कलमाचा कायदा दोन्ही नमूद. चौथ्या खरेदीदारासाठी लवाद लिहाच, पण त्यावर विसंबू नका. तिथे माल सोडण्याआधी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागदपत्रं दिल्यावर पैसे देण्याची बँकेची लेखी हमी, घ्या, आणि ते दुसऱ्या, तुम्हाला पोहोचता येईल अशा देशातल्या बँकेने कन्फर्म केलेलं, म्हणजे स्वतःही हमी घेतलेलं, असू द्या. तिथे दरखास्त लावायची वेळच येऊ नये, अशी मांडणी करायची.

आणि हे सगळं करण्याआधी कपाटातून गेल्या वर्षभरातल्या परचेस ऑर्डर काढा आणि त्यांची मागची बाजू वाचा. खरेदीदाराच्या ऑर्डरच्या पाठीमागे बारीक अक्षरांत त्याचं स्वतःचं कोर्ट आणि त्याचा स्वतःचा कायदा छापलेला असतो. तुमच्या माणसाने ती ऑर्डर 'मान्य' असं लिहून परत पाठवली असेल, तर २०१४ च्या कलमावर आपण एवढी चर्चा केली ते कलम त्या ऑर्डरपुरतं कदाचित लागूच नसेल. मुख्य करारात एक ओळ घाला की कुठल्याही ऑर्डरवरच्या छापील अटींपेक्षा हा करार वरचढ राहील, आणि ऑर्डर स्वीकारणाऱ्या माणसाला ती ओळ स्वतः दाखवा.